गॅस संपला? आधी पंखा बघा

नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, ग्वाल्हेरचा पारा 45 कडे सरकला, की महाराज बाडा या भर बाजारातल्या चौकात गर्दीत अडकलेल्या गाड्यांमधून एकच तक्रार ऐकू येते: एसी चालू आहे, पण वारा कोमट. तीच गाडी मुरैन्याच्या रस्त्याला लागली, वेग साठ-सत्तरवर गेला, की थोड्याच वेळात गारवा परत. गॅरेजमधलं उत्तर तयारच असतं, "गैस डलवा लो." पैसे काढण्याआधी एवढंच विचारावं, की गॅस खरंच तळाला गेला असता तर मोकळ्या रस्त्यावर तरी गाडी इतकी गार झाली असती का?

एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उचलायचं काम डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलचं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए हा गॅस असतो. उघड्यावर तो उणे 26 अंशांनाच उकळतो. कॉइलमध्ये त्याच्यावरचा दाब असा राखलेला असतो, की तो शून्याच्या थोडा वर उकळावा. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनमधल्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो आणि ती रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरमध्ये जाते. तिथे उष्णता सोडून तिचा परत द्रव होतो.

ग्वाल्हेरचा उन्हाळा आडवा येतो तो इथेच. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. बाहेर 45 अंश असताना कंडेन्सर 60च्या वर तापलेला नसेल, तर तो पुरेशी उष्णता सोडणार कुठे? 60 अंशांना या गॅसचा दाब साधारण 230 पीएसआय (दाब मोजायचं एकक) भरतो. कंडेन्सरवरून वारा कमी वाहिला, की तापमान चढतं, त्याबरोबर दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि आतला वारा कोमट होतो. दाब फारच वाढला तर सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंदच करून टाकतो. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. बाड्यावर उभ्या गाडीची सारी भिस्त कंडेन्सरवर वारा घालणाऱ्या पंख्यावर.

म्हणून बोनेट उघडा, इंजिन आणि एसी चालू करा आणि पंखा फिरतो का ते नुसतं बघा. हात दूर ठेवा, तो अचानक सुरू होतो. फिरतच नसेल तर फ्यूज, रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा मोटर, आणि हा खर्च गॅसच्या भानगडीपेक्षा बहुधा हलकाच असतो. पंखा फिरतोय पण रेंगाळत, असंही होतं. मग जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती करावी: कंडेन्सरवर बाटलीभर पाणी हळूहळू ओतायचं. मिनिटाभरात आतला वारा गार झाला, तर दुखणं उष्णता बाहेर न पडण्याचं आहे, हे जवळपास पक्कं. कंडेन्सरच्या बारीक पात्यांत धूळ, किडे, सुकलेली पानं दाटलेली असतात. आंधीच्या दिवसांत तर विचारूच नका. ते साध्या नळाच्या धारेने धुवावं. प्रेशरची धार जवळून मारली तर पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट अडते.

आता गॅसकडे. तो इंधन नाही, जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तिथे संशय घ्यावा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. गळती पक्की करायला नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतात; बुडबुडे येतील तिथे गळती.

बंद गाडीला गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावून "गॅस बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर मात्र विसंबू नये. नळ्यांत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी त्याचा दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. 40 अंशांना पूर्ण भरलेल्या आणि अर्ध्या रिकाम्या एसीचा गेज सारखाच, 130 पीएसआयच्या आसपास, दाखवू शकतो. घरचा सिलिंडर किती भरलाय हे वजन करूनच कळतं, तसंच हे. बोनेटखालच्या चिठ्ठीवर किती ग्रॅम गॅस हवा ते छापलेलं असतं. लहान गाडीत अर्ध्या किलोच्या आतबाहेर. जुना गॅस काढून, मोजून, तेवढाच भरणं हीच खरी रीत. जास्त भरला तर कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, उष्णता सोडायला जागा उरत नाही आणि गारवा उलट घटतो. भरण्याआधी व्हॅक्यूम पंप अर्धा तास तरी चालायला हवा. आतली ओल त्या पोकळीत साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. राहिली, तर कॉइलमध्ये जाणाऱ्या द्रवाचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात तिचा बर्फ होतो आणि एसी मध्येच गार, मध्येच गरम असे खेळ करतो. जुना गॅस हवेत सोडून देणं हा तर निव्वळ अपराध मानावा: आर-134ए हा वजनाला वजन धरलं तर पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1,400 पट तापवणारा आहे.

पंखा ठीक आहे, पण बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा 'टक्' आवाज येत नाही आणि त्याची पुढची चकती फिरत नाही, तर फ्यूज, रिले आणि कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या क्लचची कॉइल तपासावी. गॅस फारच कमी असेल तरीही स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे या 'टक्'ची वाट बघू नये.)

केबिन फिल्टर धुळीने भरला की वारा गार असतो पण थेंबभर येतो. लू वाहत असताना बाहेरची हवा घेणारी खटकी उघडी राहिली, तर बिचाऱ्या कॉइलला 45 अंशांची हवा सतत गिळावी लागते; ती आधी बंद करा. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत बसताना पहिली दोन मिनिटं काचा खाली ठेवा, आतली हवा बाहेरच्याहूनही तापलेली असते.

आणि बोनेटखालची जाड नळी गार आहे, तिच्यावर दव धरलंय, तरी आत ऊन वाराच येतोय? मग गॅस, पंखा, कॉम्प्रेसर यांच्या मागे लागू नका. डॅशबोर्डमध्ये थंड हवेत हीटरची हवा मिसळणारी एक झडप असते. ती अडकली, किंवा तिची केबल निसटली, तर गार झालेली हवा पुन्हा हीटरवरून जाते. तापमानाची खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. वाऱ्यात काहीच फरक पडत नसेल आणि आत काही सरकल्याचा आवाजही येत नसेल, तर मेकॅनिकला गेज बाजूला ठेवून पेचकस काढायला सांगा.