ओव्हरटाइम अमेरिकेत सगळ्यांनाच मिळतो?

‘अमेरिकेत तासाला किमान ७.२५ डॉलर, ४० तासांवर दीडपट ओव्हरटाइम, कायद्याने प्रत्येकाला!’ हा फॉरवर्ड जुनाच. नियम खरा आहे, १९३८ च्या कायद्यातला. चुकतं ते ‘प्रत्येकाला’. यादीभर अपवाद आहेत.

मायनर लीग बेसबॉलचंच घ्या, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पातळीवरचं व्यावसायिक बेसबॉल. २०१८ पासून करारात हंगामातल्या आठवड्याला ४० तासांचं किमान वेतन, म्हणजे २९० डॉलर, असलं की केंद्रीय कायद्याला पुरे. तास कितीही भरोत. सराव, सामने मिळून ६० तास झाले, तर तासाला पडतात ४.८३ डॉलर. सरावशिबिराला तर ही अटही नाही. (खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारामुळे आता प्रत्यक्ष पगार बरे आहेत, पण सूट तशीच.)

पडताळायचंय? अमेरिकी कायदेसंहितेचं २९वं टायटल, कलम २१३(ए)(१९) उघडा. एकच वाक्य आहे, लांबलचक.