खाचरातलं मीठ उन्हाने उडत नाही

खाडीकाठचं भात पिवळं पडलं की पहिला सल्ला मिळतो जिप्सम टाकण्याचा. चोपण जमिनीत, म्हणजे सामू ८.५ च्या वर असेल तिथे, तो बरोबर आहे. (सामू म्हणजे pH.) तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो आणि जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावून लावतं. कोकणातल्या खारजमिनीत मात्र मीठ मुख्यतः समुद्राचं, पाण्यात सहज विरघळणारं. ते पाण्याबरोबरच शेताबाहेर काढावं लागतं.

मुळांजवळची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या (क्षारता मोजण्याचं एकक) पुढे गेली की भाताचं उत्पन्न प्रत्येक एककामागे साधारण १२ टक्क्यांनी घटतं. ३ म्हणजे लिटरमागे जेमतेम २ ग्रॅम मीठ. गुंठाभर खाचरात ५ सेंमी पाणी उभं असेल तर ते झालं ५,००० लिटर, आणि त्यात मीठ १० किलो. पाऊस उघडला, पाण्याची वाफ होऊन ते अडीच सेंमीवर आलं, तरी १० किलो मीठ तिथेच राहतं. क्षारता ३ वरून ६ होते. बांधावर उभं राहून पाहिलं तर नुसतं पाणी कमी झालेलं दिसतं.

जमिनीच्या आतही हेच चालू असतं. कापणीनंतर चिकणमातीतल्या केसासारख्या पोकळ्यांमधून खालचं खारं पाणी, वातीतून तेल चढावं तसं, वर चढतं. वर आल्यावर पाणी उडतं, मीठ उरतं. मार्च-एप्रिलमध्ये ढेकळांच्या कडांवर दिसणारा पांढरा थर तो हाच. म्हणून कापणी झाल्याबरोबर, ओल असतानाच, १०-१५ सेंमी उथळ नांगरट करावी. वरची वात तुटते आणि मीठ खालीच अडकतं.

पावसाळ्यात प्रवाह उलटतो, पण चिखलणीआधीच, म्हणजे लावणीसाठी खाचरात चिखल करण्याआधी. चिखलणीने पोकळ्या बुजतात आणि पाणी खाली झिरपणं जवळपास थांबतं. म्हणून चिखलणीआधी जूनचं पाणी बांध घालून दोन-तीन दिवस अडवावं, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, सोडावं आणि पुन्हा भरावं. चिखलणीनंतरचं पहिलं गढूळ पाणीही राखून ठेवू नये, वरचं मीठ त्यातच उतरलेलं असतं.

पाण्याच्या पाइपाला चुंबक लावून ‘खारं पाणी गोडं’ करणारी यंत्रं विकली जातात. क्षारता मीटर चुंबकाआधीच्या आणि नंतरच्या पाण्यात बुडवून पाहा, आकडा तोच येतो. त्या पैशांत मीटरच घ्यावा.

मिठापुढे भात सगळ्यात नाजूक असतं दोन-तीन पानांच्या रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. लावणीला २५-३० दिवसांचं रोप घेतलं तर पहिला धोका टळतो. दुसरा जास्त अवघड, कारण फुलोऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरू लागतो. त्या दिवसांत ५ सेंमी पाणी टिकवायचं, आणि मीटर ३ च्या वर गेला तर गोडं पाणी हाताशी असेल तरच जुनं सोडायचं. कोरडं पडलेलं खाचर खालचं मीठ वर ओढतं.

उघाडीचं दार वरून टांगलेलं असतं. भरतीचं पाणी ते बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. त्यात एक फांदी अडकली तरी दार पुरतं मिटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी तिथला गाळ-कचरा काढावा आणि बांधातली खेकड्यांची बिळं चिखलाने ठासून बुजवावीत.