‘पायाला मुंग्या येतात, तेव्हा काय देता?’

कॅनडातल्या उत्तर क्वेबेकमध्ये, जेम्स बे या उपसागराच्या पूर्वेकडच्या जंगलात क्री हे आदिवासी लोक हजारो वर्षं राहत आले आहेत. दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्यांच्यात टाइप 2 मधुमेह क्वचितच दिसे. शिकार आणि पायपीट कमी झाली, विकतचं अन्न वाढलं, आणि आज तिथलं मधुमेहाचं प्रमाण कॅनडाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

जो आजार फारसा नव्हताच, त्यावर परंपरेत औषध कुठून सापडणार? माँट्रियल विद्यापीठातल्या पिएर हद्दाद यांच्या पुढाकाराने 2003 मध्ये उभ्या राहिलेल्या संशोधक गटाने ही अडचण फार सुंदर सोडवली. मधुमेहाशी जोडलेल्या लक्षणांची यादी घेऊन ते क्री समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांकडे गेले. सारखी तहान लागली तर काय देता? पायावरची जखम भरत नसेल तर? नजर अंधूक झाली तर? जी वनस्पती अनेक लक्षणांसाठी, अनेकांच्या तोंडून पुन्हा पुन्हा आली, तिला वरचा क्रमांक. या सगळ्या कामात मला हा प्रश्न विचारण्याचा ढंगच सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यातून तपासायला 17 वनस्पती निघाल्या. त्यातली एक लॅब्राडोर टी. पान उलटून पाहिलं की खाली गंजाच्या रंगाची दाट लव, कडा आत वळलेल्या. दुसरी पिचर प्लँट, दलदलीत वाढणारी, सुरईसारख्या पानात पावसाचं पाणी साठवून कीटक पकडणारी. प्रयोगशाळेत भरपूर साखरेच्या द्रावणात चेतापेशींसारख्या पेशी मरू लागतात. पिचर प्लँटचा अर्क घातला की त्या जास्त तग धरतात. मधुमेहात पाय बधिर होतात ते चेतातंतू बिघडल्यामुळे, म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा.

काही अर्कांची करामत वेगळी. ते पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या कामात किंचित अडथळा आणतात. ऊर्जा कमी पडल्याची खूण मिळताच पेशीतलं एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि स्नायूपेशी जास्त साखर आत ओढून घेते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचाही एक मार्ग असाच आहे, आणि त्या गोळीचं मूळही गॅलेगा या युरोपीय औषधी वनस्पतीत आहे.

पण काचपात्रातल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. यातले काही अर्क औषधांचं विघटन करणाऱ्या यकृतातल्या विकरांना रोखतात, असंही याच गटाला दिसलं. म्हणजे रोजच्या गोळीबरोबर असा काढा घेतला तर गोळी शरीरात जास्त वेळ राहू शकते. डॉक्टरांपासून काढा लपवणं म्हणूनच धोक्याचं.

हे ज्ञान क्री लोकांचं आहे, हे संशोधकांनी कामातही पाळलं. क्री समाजाशी लेखी करार झाला. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्यातलं काय छापायचं आणि पुढे यातून औषध बाजारात आलं तर फायदा कुणाला, हे ठरवण्यात क्री लोकांचा शब्द राहील, असं त्यातून बांधलं गेलं.