‘एलसीडी जुना, एलईडी नवा’ हा गैरसमज

‘एलसीडी नको, एलईडीच दाखवा,’ असं ठाण्यातल्या दुकानांत अजूनही ऐकू येतं. पण एलईडी टीव्ही हा एलसीडीच आहे. पॅनल तेच, पूर्वी त्यामागे बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. क्यूएलईडीही याच घराण्यातला, फक्त रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर जास्तीचा. म्हणूनच आवाज येतोय पण चित्र नाही, अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहा. अंधुक चित्र दिसलं तर बहुधा बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागचा उजेड, गेलाय, पॅनल शाबूत आहे. पट्ट्या बदलता येतात. पॅनल बदलणं सहसा परवडत नाही.

खरा वेगळा तो ओएलईडी. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खराखुरा काळा. मात्र दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल चालणाऱ्या घरात त्याचा लोगो पडद्यावर कायमचा उमटू शकतो. घोडबंदर रोडच्या टॉवरात मोठ्या खिडकीसमोर टीव्ही लागणार असेल, तर उजळ एलसीडीच बरा.

दुकानात रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करायला लावा आणि काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं बघा. सगळा पडदा राखाडी दिसला तर लोकल डिमिंग, म्हणजे काळ्या भागापुरता मागचा उजेड मंद करण्याची सोय, नाही; नुसतं अक्षरांभोवती वलय दिसलं तर आहे, पण जेमतेम.