दुर्बीण लावली म्हणून स्नायपर होत नाही

युद्धाच्या छायाचित्रात एखाद्या सैनिकाच्या रायफलीवर दुर्बीण दिसली की खालची ओळ ठरलेली असते: 'दबा धरून बसलेला स्नायपर'. पुष्कळदा तो स्नायपर नसतोच. तो असतो 'डेझिग्नेटेड मार्क्समन', म्हणजे तुकडीतला नेमलेला नेमबाज. दोघांचा नेम पक्का, दोघांकडे दुर्बीण, म्हणून गल्लत होते. खरं तर दोघांचं काम सुरू होतं तिथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या असतात.

मार्क्समन आठ-दहा जणांच्या सेक्शनबरोबरच चालतो, खातो, झोपतो. साधी असॉल्ट रायफल साधारण 300 मीटरपर्यंत भरवशाची. शत्रू त्यापलीकडे, 500-600 मीटरवरच्या टेकाडावरून गोळीबार करू लागला, तर बाकीच्यांच्या गोळ्या नुसत्या वाया जातात. ती मधली पोकळी भरून काढायला हा माणूस. सेक्शन कमांडर बोट दाखवतो, हा नेम धरतो. दोन मिनिटांनी सगळी तुकडी पळत सुटली तर यालाही पळावं लागतं, घरात शिरायची वेळ आली तर शिरावंही लागतं. म्हणून त्याची रायफल सेमी-ऑटोमॅटिक: चाप ओढला की पुढची गोळी आपोआप नळीत.

स्नायपर तुकडीपासून सुटा असतो. बहुधा दोघांची जोडी, एक रायफलीवर आणि दुसरा स्पॉटर, म्हणजे अंतर आणि वारा पाहून सांगणारा. हल्ल्याच्या कितीतरी आधी ते पुढे जाऊन बसतात. त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा गोळी झाडण्याचा नसतोच, पाहण्याचा असतो. कोण येतं, कोण जातं, पहारा कधी बदलतो, तोफ कुठे लपवली आहे, हे टिपायचं आणि मागे कळवायचं. दिवसभर पडून राहून एकही गोळी न झाडता परत आलेली जोडी काम फत्ते करून आलेली असू शकते. मार्क्समनच्या बाबतीत असं म्हणता येणार नाही.

स्पॉटरला लोक मदतनीस समजतात, ते काही खरं नाही. अनेक सैन्यांत जोडीतला जास्त मुरलेला माणूसच स्पॉटिंग स्कोपमागे बसतो. गोळी 800 मीटरवर पोचायला सेकंदाहून जास्त वेळ घेते. तेवढ्यात ती कित्येक मीटर खाली येते आणि वारा तिला बाजूला ढकलतो. अंतर लेझर रेंजफाइंडर सांगतो. वारा मात्र गवताच्या डोलण्यावरून, धुळीवरून, उन्हाच्या झळांच्या कलण्यावरून वाचावा लागतो, आणि बंदुकीपाशी वारा एक असतो, वाटेत दुसरा.

अंगावरची ती झुलपं लोंबणारी 'घिली' हीसुद्धा स्नायपरचीच खूण. स्कॉटलंडमधल्या शिकारी राखणदारांचा हा पेहराव लोव्हॅट स्काउट्स या पलटणीने युद्धात आणला. ही पलटण 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी उभी राहिली होती. तुकडीबरोबर धावणाऱ्या मार्क्समनला असलं ओझं परवडत नाही.

गोंधळ वाढवला तो रायफलींच्या नावांनी. सोव्हिएत सैन्याने 1963 मध्ये स्वीकारलेल्या ड्रॅगुनोव्हच्या, म्हणजे एसव्हीडीच्या, नावातच 'स्नायपर रायफल' आहे. पण दहा गोळ्यांचं मॅगझिन, चारपट मोठं दाखवणारी दुर्बीण, सेमी-ऑटोमॅटिक रचना, आणि मोटर रायफल, म्हणजे चिलखती गाड्यांतून फिरणाऱ्या पायदळाच्या, प्लाटूनमधल्या एका सैनिकाकडे ती दिलेली. हे तंतोतंत मार्क्समनचं वर्णन झालं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

याच्या अगदी उलट उदाहरण फिनलंडच्या सिमो हायहाचं. 1939-40 च्या हिवाळी युद्धात त्याने दुर्बीण वापरलीच नाही. दुर्बिणीतून पाहायला डोकं वर काढावं लागतं, काच चमकते, कडाक्याच्या थंडीत तिच्यावर धुकं धरतं, असा त्याचा हिशेब. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरत असे. त्याची रायफल साधी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे ओढावा लागणारी, आणि त्याच्या नावे पाचशेच्या आसपास बळी सांगितले जातात. त्याला स्नायपर म्हणायला कुणाचीच हरकत नसते. म्हणजे दुर्बीण ही कसोटी नव्हेच.

बोल्ट-ॲक्शन ही तरी कसोटी आहे का? बरीचशी. गोळी सुटताना आतले भाग हलत नाहीत, त्यामुळे नेम अधिक स्थिर राहतो, आणि रिकामं काडतूस आपण ठरवू तेव्हाच बाहेर पडतं. ब्रिटिश सैन्याची एल115ए3 या जातीची. नोव्हेंबर 2009 मध्ये अफगाणिस्तानात क्रेग हॅरिसन या ब्रिटिश स्नायपरने तिच्याने 2,475 मीटरवर नेम साधला. अशी रायफल घेऊन दारं ठोठावत फिरणं मात्र वेडेपणाच. तरी या नियमालाही अपवाद आहेत: अमेरिकी लष्कराची एम110 सेमी-ऑटोमॅटिक असून स्नायपरसाठीच घेतलेली.

(बॅरेट एम82 सारखी धूड बंदूक हा तिसराच प्रकार. ती मुख्यतः उभी विमानं, रडार, वाहनांची इंजिनं निकामी करायला वापरतात.)

सगळ्यात पंचाईत करते ती ब्रिटिशांची एल129ए1. अफगाणिस्तानात 500-600 मीटरवरून येणाऱ्या गोळीबाराला उत्तर म्हणून 2010 च्या सुमारास ती सेक्शनच्या नेमबाजाला, त्यांच्या भाषेत 'शार्पशूटर'ला, दिली गेली. पुढे स्नायपरच्या जोडीतल्या दुसऱ्या माणसाच्या हातीही तीच आली. चित्राच्या चौकटीत तेवढी रायफल आणि तिच्यामागचा एक डोळाच मावला असेल, तर खालची ओळ लिहिणाऱ्याला तरी काय बोल लावायचा.