लिनक्सवर ऑफिस घ्यायचं तर कोणतं: ओपनऑफिस की लिब्रेऑफिस?

सेलूतल्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात गेल्या वर्षी तीन कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकून दिली. आधीचं ऑफिस क्रॅक केलेलं होतं, दर पंधरा दिवसांनी काहीतरी अडायचं, आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचा तो वेगळाच. मिंट बसलं, प्रिंटर चालला, मी परभणीला परतलो. चौथ्या दिवशी दुकानातल्या पोराचा फोन: "सर, ह्याच्यात डॉकएक्स दिसंना की. सेव्ह कशात करू?"

मला कळेना. मग म्हटलं, "खिडकीच्या वर नाव काय लिहिलंय, वाच बरं." तो म्हणाला, "ओपनऑफिस."

ते त्यानं स्वतः नेटवरून उतरवून टाकलं होतं. मिंटच्या मेनूत लिब्रेऑफिस पहिल्या दिवसापासून होतं. पण ते नाव त्याच्या कानावर कधी पडलेलं नव्हतं, ओपनऑफिस मात्र क्लासमध्ये ऐकलेलं. एका शिक्षणसंस्थेचा चाळीस पानी वार्षिक अहवाल डॉकएक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइलीत, आला होता. त्यानं दोन दिवस बसून तक्ते भरले, डॉकएक्स सापडेना म्हणून ओडीटीत, म्हणजे ओपनऑफिसच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह केला आणि फाइलच्या नावाचं शेपूट हातानं बदलून ‘डॉकएक्स’ केलं. नाव बदलल्यानं आतली फाइल बदलत नाही. संस्थेच्या ऑफिसात ती उघडलीच नाही.

हा घोळ एकट्या सेलूचा नाही. उदगीर, अंबाजोगाई, वसमत, जिथं जिथं लोक लिनक्सकडे वळताना पाहिले, तिथं ही दोन नावं एकमेकांच्या जागी वापरलेली ऐकली. त्याला कारणही आहे, कारण मूळ एकच आहे. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन कंपनीचं स्टारऑफिस नावाचं पॅकेज होतं. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९९९ मध्ये ती कंपनी घेतली आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखावट, खुला केला. तेच ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. पुढं काय होईल याची काळजी वाटणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामरांनी त्याच वर्षी सप्टेंबरात द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. ओरॅकलनं २०११ मध्ये ओपनऑफिस अपाची फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेला देऊन टाकलं. म्हणजे ओळखीचं नाव अपाचीकडे गेलं, आणि काम करणारे हात बहुतेक लिब्रेऑफिसकडे आले.

तो फरक आज वापरताना जाणवतो. अपाची ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि त्यानंतर ४.१च्या पुढचा शेवटचा आकडा तेवढा वाढत राहिला. दुरुस्त्या येतात, नवं फारसं येत नाही. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, आणि २०२४ पासून तर तिला वर्ष-महिन्याचाच नंबर असतो: २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४. लायसन्सचाही भाग आहे. अपाचीचा कोड लिब्रेऑफिसला घेता येतो, पण लिब्रेऑफिसचं लायसन्स वेगळं असल्यानं तिकडची सुधारणा अपाचीला तशीच्या तशी उचलता येत नाही. त्यामुळं अंतर वाढतच गेलं.

दुकानदाराच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फरक डॉकएक्सचा. ओपनऑफिस डॉकएक्स उघडतं, पण त्यात सेव्ह करत नाही. यादीत जुनं ‘डॉक’ दिसतं, ‘डॉकएक्स’ नाही. लिब्रेऑफिस दोन्ही करतं. तहसील, शाळा, पतसंस्था, सगळीकडून डॉकएक्सच येतं आणि तेच परत मागतात. माझ्या मते एवढ्यावरच निर्णय व्हायला हवा.

लिनक्सवर टाकण्याचंही तसंच. मिंट, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत लिब्रेऑफिस तयारच असतं किंवा त्यांच्याच सॉफ्टवेअर-यादीतून मिळतं आणि बाकीच्या सिस्टिमसोबत आपोआप अपडेट होतं. ओपनऑफिस वेगळं उतरवावं लागतं, अपडेटही आपणच करायचं. शिवाय दोन्ही एकत्र टाकायला गेलं की ओपनऑफिसला मेनूत आणणारं पॅकेज बसता बसता अडतं, कारण ‘एसऑफिस’ नावाची एकच कमांड दोघांनाही हवी असते. हे ‘एस’ अजून स्टारऑफिसचंच चालत आलेलं आहे.

लिब्रेऑफिसमध्ये मूळ प्रत मात्र ओडीटीत ठेवा, हे मी प्रत्येकाला आग्रहानं सांगतो. ओडीटी ज्यात मोडतं तो ओडीएफ हा फॉरमॅट कसा लिहायचा नि कसा वाचायचा, हे जाहीर आहे. २००६ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. मराठवाड्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकाळातले कागद निघाले, पण मोडी आणि उर्दू-फारसी वाचणारी माणसं शोधावी लागली. आपण आज टाइप करतो ते वाटणीपत्र पन्नास वर्षांनी कुणाला तरी उघडावं लागणार आहे. ते कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर राहू नये.

मराठी टायपिंगबद्दल दोन गोष्टी. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथं जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. तिथं हिंदी राहिली तरी अक्षरं उमटतात, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण ज्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, त्यात भाषा मराठी केली की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे होतात. ‘वाऱ्यावर’ हा शब्द लिहून ‘ऱ्य’ नीट बसतोय का, तेही बघा. दुसरं म्हणजे पानांचा हिशेब. एरिअल, टाइम्स, कॅलिब्री या इंग्रजी फॉन्टच्या मापाचे लिबरेशन आणि कार्लिटो लिनक्सवर आहेत, त्यामुळं इंग्रजी मजकूर फारसा सरकत नाही. मराठीत तसं नाही. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये टाइप केलेला अहवाल दुसऱ्या फॉन्टवर उघडला की ओळी हलतात. छापायला द्यायचं असेल तर पीडीएफच काढा.

एका बाबतीत मात्र दोन्ही ऑफिसांचा उपयोग नाही. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमधल्या फायली तशाच राहतात. तिथं ‘मराठी’ हा शब्द खरं तर ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा इंग्रजी अक्षरांतच साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसला की ती इंग्रजी अक्षरं समोर येतात आणि लोक म्हणतात, लिनक्सला मराठी येत नाही. अशा मजकुराला कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावं लागतं, मग ऑफिस कोणतंही असो.

त्या अहवालाचं पुढं असं झालं. मी रविवारी सेलूला गेलो. फाइलचं शेपूट परत ओडीटी केलं, लिब्रेऑफिसमध्ये उघडली. तक्ते जसेच्या तसे होते, पोराचा जीव भांड्यात पडला. डॉकएक्समध्ये सेव्ह केली. चाळीसची बेचाळीस पानं झाली होती, म्हणून समासाला हात लावून ती परत चाळीसवर आणली आणि सोबत पीडीएफ जोडली. मग भाषा मराठी केली. संस्थेचे एक निवृत्त गुरुजी शेजारी बसले होते, त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा बघा, आता आपला ‘ल’ झाला."