तंतू आणि प्लास्टिक यांची गट्टी

केळीला घड एकदाच लागतो. तो उतरवला की खोड कापून टाकतात. अननस काढून झाले की पाने उरतात, नारळ सोलला की सोडण. हा सगळा पसारा तंतूंनी भरलेला असतो. अननसाच्या पानांतल्या तंतूत ७० ते ८० टक्के सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतींचा मुख्य घटक, असते, म्हणून तो ताठ आणि चिवट. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडात तंतूंना एकत्र धरणारा पदार्थ, भरपूर, त्यामुळे तो तितका ताठ नसतो, पण तुटण्याआधी खूप ताणला जातो.

दुसरीकडे मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. हे जैवविघटनशील प्लास्टिक मजबूत असले तरी ठिसूळ आहे. थोडेसे ताणताच तुटते. त्यात तंतू मिसळले तर भेग पुढे सरकताना तिला प्रत्येक तंतू तोडावा किंवा उपसून काढावा लागेल, अशी कल्पना.

पण नुसते मिसळून भागत नाही. सेल्युलोजच्या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. वितळलेले प्लास्टिक पाण्यापासून दूर राहणारे. त्यातच तंतूवर मेण आणि पेक्टिन या चिकट पदार्थाचा थर असतो. प्लास्टिक तंतूला नीट चिकटत नाही, मध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि नेमकी तिथूनच भेग सुरू होते. मला तर या विषयाचा जीव या सूक्ष्म सीमारेषेतच आहे असे वाटते.

उपाय सापडला तो कापडाच्या धंद्यात. १८४४ मध्ये इंग्लंडमधले कापडछपाईचे रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर कॉस्टिक सोड्याचे द्रावण सुती कापडातून गाळत होते. कापड आटले आणि जाड झाले, हे त्यांच्या लक्षात आले. १८५० मध्ये त्यांनी या प्रक्रियेचे पेटंट घेतले. आज फळबागेतले तंतू साधारण ५ टक्के कॉस्टिक सोड्यात काही तास भिजवतात. मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा त्याहून कच्चा पदार्थ) आणि थोडे लिग्निन निघून जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्लास्टिकला पकड मिळते. द्रावण फार तीव्र झाले तर मात्र सेल्युलोजच खराब होते. आणखी घट्ट जोड हवी असल्यास सिलेन हे सिलिकॉनयुक्त रसायन वापरतात: त्याच्या रेणूचे एक टोक तंतूला धरते, दुसरे प्लास्टिकला.

नंतर धुणे आणि कसून वाळवणे. ओल राहिली तर वितळलेल्या पीएलएच्या साखळ्या पाण्यामुळे तुटतात. तापमानालाही फार वाव नाही. पीएलए १५० ते १८० अंश सेल्सिअसला वितळते आणि २०० च्या पुढे तंतू करपू लागतात. धुण्याचे कॉस्टिक सोडा उतरलेले पाणी उदासीन न करता सोडून दिले, तर पर्यावरणासाठी केलेल्या या खटाटोपाला अर्थच उरत नाही.

खरा पेच पुढे आहे. पीएलए कुजायला सुमारे ६० अंशांचे औद्योगिक कंपोस्ट लागते. साध्या मातीत ते बराच काळ तसेच पडून राहते. प्रक्रिया न केलेले तंतू पाणी आत ओढतात आणि जंतूंना वाट करून देतात. प्रक्रियेने तंतू घट्ट बसला की तीच वाट अरुंद होते. म्हणून तंतूवर किती प्रक्रिया करायची, हे ती वस्तू किती दिवस वापरायची आहे त्यावरून ठरवावे लागते.